तळटीप : ‘मामांना पुरतं झोपवलंच नव्हतं’

१. मेंदूतली गाठ काढताना मामा जागे होते, ही हकिकत लेखकाच्या घरी चमत्कार म्हणून सांगतात. तसं काही नाही. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं जाड आवरण. म्हणून दोन्ही बाजूंच्या सहा-सहा नसांभोवती बुपिवाकेनसारखं औषध टोचून डोकं तेवढं बधिर करतात. मग विजेचा सौम्य प्रवाह देत वाचेची जागा शोधताना रुग्णाकडून आकडे मोजून घेतात, चित्रं ओळखून घेतात. जीभ अडखळली, की हत्यार तिथं थांबतं. लातूरचं उदगीर किंवा नांदेडचं देगलूर, अशा सीमेवरच्या माणसाचं काम वाढतं : घरात मराठी, बाजारात कन्नड नाहीतर तेलुगू. दोन्ही भाषा तपासाव्या लागतात, कारण मेंदूतल्या त्यांच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात.

‘त्या सुईनं कॅन्सर परत येत नाही’ हे मामींचं म्हणणं मात्र सरमिसळ आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली टाटा मेमोरियलनं ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर केलेला अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा. गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती ०.५ टक्का लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं. ५ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण न टोचलेल्यांत ८६.४, तर टोचलेल्यांत ९०.१ टक्के निघालं. निष्कर्ष २०२३मध्ये छापून आले. मेंदूच्या गाठीला हे आकडे लावता येणार नाहीत. शिवाय रक्तात लिग्नोकेन जास्त झालं तर फिट येते, आणि अशा गाठीचे रुग्ण बरेचदा फिट आली म्हणूनच दवाखान्यात पोचलेले असतात. – संपा.