विशेषण आधी हाताला कळते

व्याख्या पाठ झाली की विशेषण आले, बाकी सगळा खेळ, हे मत वसई-विरारच्या शिक्षक-पालकांत आजही पक्के आहे. कारणे तीन सांगतात: वर्ग मोठे, वेळ थोडा आणि खेळात शास्त्र राहत नाही. पहिल्या दोन अडचणी आहेत. खरा आक्षेप तिसरा.

'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण' असे घोकलेले मूल 'केळ्याचा गोडवा' यातल्या 'गोडवा'खाली रेघ ओढते. त्याचे काय चुकले? गोडवा केळ्याचीच माहिती सांगतो की! व्याख्या पाळली म्हणूनच ते फसले. संस्कृत शास्त्रकार विशेषणाला व्यावर्तक म्हणतात, म्हणजे इतरांपासून वेगळे काढणारे. 'नीलकमल' म्हटले की पांढरी, तांबडी कमळे बाजूला पडतात. विशेषणाचे हे काम पाठ केलेल्या व्याख्येत दिसतच नाही.

ते पिशवीत दिसते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा शंख, शिंपली, करवंटी, सुपारी, पिंपळाचे पान कापडी पिशवीत घाला. मुलाने न बघता एक वस्तू चाचपायची आणि नाव न घेता सांगायची. 'गोल' म्हटले की वर्ग सुपारीही ओरडतो, करवंटीही. 'गोल, खरखरीत, पोकळ' म्हटले की करवंटीच उरते. सात वर्षांच्या मुलाने केलेली ही व्यावृत्तीच आहे.

मग वस्तू पाण्यात बुडवा. ओला शंख, ओली शिंपली, ओले पान. 'खरखरीत' मात्र सगळीकडे तसाच. विकारी-अविकारी, म्हणजे लिंगाप्रमाणे बदलणारे आणि न बदलणारे, हा भेद मुले आपणच शोधतात. नालासोपारा-विरारकडे घरी हिंदी बोलणारी मुले पुष्कळ. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ओला पान' सहज तोंडी येते. लिंग ओळखणारा कान व्याख्येने तयार होत नाही. कादोडी किंवा वाडवळी या इथल्या बोली बोलणारे मूल घरचा शब्द सांगेल, तोही फळ्यावर लिहावा.

आता 'खेळात शास्त्र राहत नाही' या आक्षेपाकडे. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे तर्खडकर हे आडनाव ज्या तर्खड गावावरून आले, ते वसईतलेच. त्यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. मराठी त्याआधी कित्येक शतके बोलली जात होती. आधी भाषा, मग नियम, हाच शास्त्राचा क्रम आहे.

राहिला मोठ्या वर्गाचा आणि साधनांचा प्रश्न. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने मानली. साठ मुलांच्या वर्गाला सहा-सात पिशव्या पुरतात.

नुसता खेळ मात्र मलाही मान्य नाही. तास संपताना शिक्षकाने ते शब्द फळ्यावर मांडून 'विशेषण' हे नाव द्यायलाच हवे.

म्हणून दुसरी-तिसरीच्या शिक्षकांना विनंती: येत्या चाचणीत व्याख्या विचारू नका. मुलाच्या हातात एक शिंपली द्या आणि ती कशी आहे ते विचारा.