चुबुकाचा इमाम

तस्बीहच्या शेंड्याच्या लांबट मण्याला उर्दूत इमाम म्हणतात, तुर्कीत ‘इमामे’. गंमत म्हणजे ‘चुबुक’ या लांब नळीच्या चिलमीच्या कहरुब्याच्या तोंडालाही तुर्कीत हेच नाव! नळी चेरी किंवा चमेलीच्या लाकडाची, खाली मातीची ‘लुले’.

इस्तंबूलच्या १६३३ च्या आगीनंतर सुलतान चौथा मुराद याने तंबाखू ओढणाऱ्यांना मृत्युदंड ठरवला. तरी सैनिक आखूड चिलमी बाहीत लपवून ओढत, असं कातिब चेलेबी लिहितो. पुढे शेखुल इस्लाम बहाई एफेंदी यांनी तंबाखू जायज असल्याचा फतवा दिला. ते स्वतः शौकीन होते, म्हणून टीकाही झाली. मी तंबाखूची वकिली करत नाही, पण जुन्या उलेमांत मतभेदच नव्हते असं कुणी म्हटलं की मला हा धूर आठवतो.

क्रिमियन युद्धानंतर सिगारेट पसरली, चुबुक मागे पडला.