वऱ्हाडची वस्ती आणि कापसाचा व्यापार

अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी वसलेले वलगाव संत गाडगेबाबांच्या निर्वाणस्थळामुळे (२० डिसेंबर १९५६) महाराष्ट्रास परिचित आहे. अचलपूरकडून अमरावतीस येणाऱ्या मार्गावरील हे गाव पूर्णा खोऱ्यातील कापूसपट्ट्यात मोडते. येथील काळ्या जमिनीतील कापसानेच वऱ्हाडच्या बाजारपेठा घडविल्या.

अठराव्या शतकात तालुकदाराच्या जाचामुळे अकोल्याचे अनेक रहिवासी अमरावतीस येऊन स्थायिक झाले, असे सांगितले जाते. पुढे मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांनी पेढ्या थाटल्या. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांच्या संरक्षणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरावतीभोवती परकोट उभारण्यात आला. रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कापूस लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. लिव्हरपूलच्या बाजारात येथील कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या विदेशी पेढ्या खरेदीस उतरल्या. गावोगावच्या हातरेच्यांची जागा सरकी काढणाऱ्या जिनिंगने व गठाणी बांधणाऱ्या प्रेसिंग कारखान्यांनी घेतली.

मात्र हा उद्योग मुख्यत्वे कच्चा माल बाहेर धाडण्यापुरताच राहिला. ज्या रेल्वेने गठाणी गेल्या, तिनेच गिरण्यांचे सूत व कापड आणले आणि स्थानिक सूतकताई व हातमागाचा धंदा खालावला. अचलपूर, बडनेरा, अकोला येथे गिरण्या निघाल्या, तरी बहुतांश कापूस वऱ्हाडाबाहेरच जात राहिला.

वजनमापातील फसवणुकीस आळा घालण्यासाठी १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. परंतु त्याखालील बाजार समित्यांवर व्यापारी व नगरपालिका यांचेच प्रतिनिधी असत. ज्याच्या मालावर बाजार चाले, त्या शेतकऱ्यास तेथे स्थान नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात, १९७२ मध्ये, राज्य शासनाने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तिच्यामागेही शेतकऱ्यास रास्त भाव मिळवून देण्याचाच हेतू होता. ती योजना आता इतिहासजमा झाली आहे. कापसाच्या भावाचा प्रश्न मात्र वऱ्हाडात आजही कायम आहे.