कॅश, पण नगद नव्हे

'कॅश' म्हटलं की आमच्या घरच्यांना नोटाच आठवतात. संगणकातली कॅश वेगळी. पुन्हा पुन्हा लागणारी गोष्ट हाताशी ठेवायची, एवढंच. मिसळणाचा डबा ओट्यावर आणि बाकी मसाले फळीवर, तसं.

केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्या लेखात ही कल्पना मांडली, 'स्लेव्ह मेमरी' या नावाने. १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ८५ या यंत्राबरोबर 'कॅश' हा शब्द आला. दुखणंही मागोमाग आलंच. मूळ बदललं आणि हाताशी ठेवलेली नक्कल जुनीच राहिली तर? ती बाद कधी करायची? संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, एक ही आणि दुसरी नावं ठेवणं, असं नेटस्केपचे फिल कार्लटन म्हणत, असं सांगतात. (त्यांना नाव 'देणं' म्हणायचं होतं. नावं ठेवणं आपल्याला मुळीच अवघड नाही! :-))

प्रोग्राम लिहून देणाऱ्या एआय मदतनिसांत मात्र हे दुखणं उलटं झालंय. मॉडेलला मागचं काही आठवत नसतं. तुम्ही एक ओळ विचारलीत तरी सूचना, साधनांची यादी, वाचलेल्या फायली, आतापर्यंतचा संवाद, सगळं पुन्हा त्याच्यापुढे ठेवावं लागतं. २०१७ च्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या या मॉडेलांत प्रत्येक शब्दाचं गणित आधीच्या सगळ्या शब्दांवर उभं असतं. ते जपून ठेवता येतं, पण सुरुवातीपासून अक्षरशः तेच असेल तेवढंच. ऑगस्ट २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ही सोय दिली तेव्हा जपलेला भाग वाचायचा दर नेहमीच्या एक दशांश होता, जपायचा सव्वापट, आणि पाच मिनिटं कुणी फिरकलं नाही की नक्कल गेली.

आता सूचनांच्या पहिल्याच ओळीत कुणी हौसेने घड्याळाची वेळ घातली, की पुढचं सगळं पाण्यात. उत्तर बरोबरच येतं, म्हणून कुणाला काही कळत नाही. फक्त बिल फुगतं.

म्हणून मागचं काही खोडायचं नाही, नवी बातमी शेवटी जोडायची, असा रिवाज पडला. रोजकीर्दीत खाडाखोड न करता खाली दुरुस्तीची नोंद घालतात ना, तसं. पण मग बदललेल्या फाइलची जुनी प्रतही वर तशीच राहते आणि मॉडेल दोन्ही वाचतं. कधी जुनीलाच खरी मानतं. १९६८ चं दुखणं मागच्या दाराने घरात!

त्यावर उपाय म्हणजे संवाद फार लांबला की त्याचा सारांश करून नव्याने सुरुवात करायची, आणि तेवढ्यापुरती कॅश जाणूनबुजून मोडायची. कधी मोडायची, यावर अजून वाद चालू आहेत.