सत्तावीस-शून्य

रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये १२,४०० माणसं मावायची. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात सत्तरी ओलांडलेली जी जी माणसं मला भेटली, ती सगळी १९७४च्या मार्चमध्ये तिथे बास्केटबॉलच्या सामन्यांना हजर होती. हा हिशेब लागत नाही आणि लावायला जाऊही नये, हे मी मामाकडे पाहून शिकले. मामा त्यातल्या एका सामन्याला खरोखर आत होता. बाकीचे त्याने रेडिओवर ऐकले, वसतिगृहाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिले, आणि आता पन्नास वर्षांनंतर त्याच्या डोक्यात ते सगळे त्याच एका बाकावरून पाहिलेले आहेत.

मामा १९७२च्या ऑगस्टमध्ये इथे आला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइलची पदवी घेतलेली, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातली टेक्स्टाइलची शाखा नावाजलेली, कारण हे राज्यच कापडगिरण्यांचं. वर्षभरापूर्वी वाडेकरचा क्रिकेट संघ ओव्हल जिंकून आला तेव्हा मुंबईत निघालेली मिरवणूक त्याने पाहिली होती. ‘त्यामुळे खेळापायी शहर कसं वेडं होतं ते मला माहीत होतं,’ तो सांगतो. ‘पण वेडाला छप्पर असतं ते इथे पाहिलं.’

छपराची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकावी. रेनॉल्ड्सचं बांधकाम १९४१मध्ये सुरू झालं आणि महायुद्धात बंद पडलं. लोखंडी सांगाडा तसाच उभा राहिला. १९४६मध्ये एव्हरेट केस नावाचा प्रशिक्षक इंडियानातून आला. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. शेजारच्या ड्यूक विद्यापीठापेक्षा मोठी इमारत हवी असं ठरलं, पण सांगाडा उभा असल्यामुळे रुंदी वाढवता येईना. मग लांबी वाढवली. १९४९मध्ये पुरी झालेली ती वास्तू आगगाडीच्या डब्यासारखी लांबट निघाली. मैदानाच्या दोन्ही टोकांना, बास्केटच्या मागे, खुर्च्यांच्या रांगाच रांगा आणि कडेला मोजक्या. ध्वनीच्या दृष्टीने इमारत भयंकर, म्हणजे यजमान संघाच्या दृष्टीने उत्तम. छताजवळ आवाज मोजण्याचं एक यंत्रही होतं. आरडाओरडा वाढला की त्यावरचे दिवे एकेक करून वर चढत. ते दिवे एक माणूस हाताने लावायचा, हे मामाला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. ‘म्हणजे काय, कुणीतरी ऐकत होतं ना?’

हा केस मोठा हौशी. विजेतेपद मिळाल्यावर शिडीवर चढून बास्केटची जाळी कापून न्यायची इंडियानातली रीत त्याने १९४७मध्ये इकडे आणली. आता ती देशभर चालते. १९६६मध्ये तो गेला. हायवे सत्तरच्या कडेला त्याची कबर आहे. संघ ड्यूकशी खेळायला याच रस्त्याने जाणार, त्याला हात करता यावा म्हणून जागा तिथे हवी, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. मामाच्या गाडीतून त्या रस्त्याने गेलं की तो दरवेळी स्टिअरिंगवरचा एक हात उचलतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी ओळखीचं दिसलं.

चॅपेल हिलच्या विद्यापीठाचे लोक स्टेटला गाईगुरांचं कॉलेज म्हणून चिडवत. शेतकी आणि इंजिनिअरिंग शिकवणारी संस्था ती. माझ्या शेजारचे आजोबा तंबाखूच्या शेतावर वाढले आणि पुढे पोस्टात नोकरीला लागले. त्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, पण संघ त्यांचाच. इथल्या खेड्यापाड्यांत हे असंच आहे: डॉक्टर-वकिलांच्या घरी चॅपेल हिल, शेतकऱ्याच्या घरी स्टेट. हे काही पुरतं खरं नाही, पण आजोबांना तसं सांगून पाहा.

आता डेव्हिड थॉम्पसन. क्लीव्हलँड परगण्यातल्या खेड्यातला, अकरा भावंडांतला हा मुलगा. उंची सहा फूट चार इंच, म्हणजे या खेळात बेताचीच. पण उडी! जागच्या जागी ४४ इंच, असं सगळे सांगतात, आणि त्याच्या बनियनवरचा आकडाही ४४, त्यामुळे कथेला आयती गाठ मारून मिळाली. बास्केटमागच्या फळीच्या वरच्या कडेवर ठेवलेलं नाणं तो उचलायचा, असं आजोबा शपथेवर सांगतात. मी कागदावर मांडून पाहिलं. फळीची कड तेरा फुटांवर, त्याचा हात उभ्याने पोचणार जेमतेम साडेआठ फुटांवर, त्यात ४४ इंच मिळवले तरी फूटभर कमीच पडतं. हा कागद मी आजोबांना दाखवलेला नाही.

खरी गंमत पुढे आहे. असा उडणारा माणूस या खेळाला मिळाला तो नेमका डंक मारायला बंदी असताना. डंक म्हणजे कड्याच्या वर हात नेऊन चेंडू आत कोंबायचा. १९६७मध्ये कॉलेजांच्या खेळात त्याला मनाई झाली. लोक म्हणत, हा नियम यूसीएलएच्या ल्यू अलसिंडरला आवरण्यासाठी आहे. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. बंदी उठली १९७६च्या हंगामात. थॉम्पसनची कॉलेजची सगळी वर्षं या बंदीतच गेली. मग स्टेटने वेगळीच वाट काढली. माँटी टो नावाचा जेमतेम पाच फूट सात इंचांचा पोरगा कड्याच्या जवळ उंच चेंडू फेकायचा. थॉम्पसन गर्दीतून वर निघायचा, हवेतच तो झेलायचा आणि कोंबायचा नाही, नुसता आत सोडून द्यायचा. खाली उभे असलेले सात-सात फुटी खेळाडू वर पाहत राहायचे. मामा हे सांगताना खुर्चीतून उठतो, दोन्ही हात वर करतो आणि बोटं अलगद उघडतो. नियम मोडला नाही, पण नियमाला खाली बसवलं, असं त्याचं म्हणणं.

१९७२-७३च्या हंगामात हा संघ सत्तावीस सामने खेळला आणि सत्तावीसही जिंकला. १९७३च्या जानेवारीत, सुपर बोलच्या दिवशी, मेरीलँडविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दाखवला गेला. ८७-८५. अगदी शेवटी थॉम्पसनने उसळलेला चेंडू हवेतच आत ढकलला. मामाला इथे येऊन पाच महिने झाले होते. नियम अर्धेमुर्धे कळायचे. तरी तो सांगतो की त्या दुपारी तो इथला झाला. मी त्यातली भावना घेते आणि दुपार सोडून देते.

पण सत्तावीस-शून्य असूनही राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. थॉम्पसनला संघात आणताना नियमभंग झाल्याचा ठपका होता. उन्हाळी शिबिराच्या वेळी तो वसतिगृहात जमिनीवर फुकट झोपला, आणि सहाय्यक प्रशिक्षक त्याच्याबरोबर मोकळ्या वेळचा एक डाव खेळला, असल्या त्या गोष्टी. त्याच खेळाडूला ओढण्यासाठी ड्यूकच्या एका हितचिंतकाने त्याला कोट घेऊन दिला, म्हणून ड्यूकलाही शिक्षा झाली. आज कॉलेजच्या खेळाडूंना उघडपणे लाखो डॉलर मिळतात. त्या पार्श्वभूमीवर जमिनीवर झोपल्याची शिक्षा ऐकून माझ्या मुलाला हसू येतं. आजोबांना येत नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर खडूने ‘२७–०’ लिहिलेलं आहे. पुसट झालं की ते पुन्हा गिरवतात. पुढच्या वर्षी मिळालेल्या विजेतेपदाचं मात्र भिंतीवर काही नाही.

तिथेच मला या माणसांचं मर्म सापडलं असं वाटतं. जिंकलेलं त्यांच्याकडून सहज सांगून होतं. पण जे खेळू दिलं नाही, ते अजून चालूच आहे. १९७३ची ती स्पर्धा यूसीएलएने जिंकली, लागोपाठ सातव्यांदा. स्टेट तिथे असता तर? हा प्रश्न पन्नास वर्षं पुरला आहे, आणि अजून पन्नास पुरेल.

तरी १९७४चं सांगायला हवं, कारण ते वर्षही साधं नव्हतं. त्या काळी प्रत्येक गटातून राष्ट्रीय स्पर्धेत फक्त विजेता जाई. ९ मार्चला ग्रीन्सबरोमध्ये गटाची अंतिम लढत झाली, पुन्हा मेरीलँडशी. जादा वेळेत १०३-१००. डोंगराळ एव्हरी परगण्यातून आलेला, सव्वासात फुटांचा टॉम बर्लसन त्या दिवशी ३८ गुण घेऊन गेला. हरलेला मेरीलँड देशातल्या पहिल्या चार-पाचांत धरला जायचा, पण तो घरी बसला. त्यांचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल नंतर स्टेटच्या बसमध्ये चढून पोरांचं अभिनंदन करून गेले. आजोबा मेरीलँडबद्दल एरवी चांगलं बोलत नाहीत, पण हे सांगताना टोपी काढतात. पुढच्याच वर्षी स्पर्धेतले संघ ३२ झाले आणि एका गटातून एकाहून अधिक संघांना जागा मिळू लागली.

मामा ज्या सामन्याला आत होता तो १६ मार्चचा, पिट्सबर्गविरुद्धचा, रेनॉल्ड्सवरचाच. थॉम्पसन एक फटका अडवायला उडाला, त्याचा पाय आपल्याच संघातल्या फिल स्पेन्सच्या खांद्याला अडला आणि तो डोक्यावर पडला. ‘आवाज आला,’ एवढंच मामा सांगतो. बारा हजारांच्या त्या भोंग्यात काही मिनिटं कुणी बोललं नाही. थॉम्पसन निपचित. बाजूला बसलेल्या अनोळखी बाईने मामाचा हात धरला, तो तिने सोडलाच नाही. थॉम्पसनला इस्पितळात नेलं, डोक्याला पंधरा टाके पडले. सामना पुढे चालला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग डोक्याला पट्टी बांधलेला तो परत आला आणि बाकावर येऊन बसला. स्टेट १००-७२ने जिंकला. मामाला हा आकडा कधीच आठवत नाही, दरवेळी विचारतो.

आमच्या या गप्पांत कधीकधी एक निवृत्त शिक्षिका असतात. त्या काळी त्या रॅलेतल्याच शॉ विद्यापीठात शिकत होत्या. कृष्णवर्णीयांची ही जुनी संस्था. १९६०च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांची अहिंसक चळवळ संघटित झाली ती तिथे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उठायला नकार देऊन बसले होते. बाई म्हणतात, त्या पडण्याच्या वेळी त्यांच्या वसतिगृहातही कुणी श्वास घेतला नाही, पण कारण जरा निराळं होतं. ‘सगळं गोरं राज्य आमच्या एका पोरासाठी प्रार्थना करत होतं. मी ते नीट बघून घेतलं.’ आजोबा यावर काही बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत हे मला त्यांच्याबद्दल बरं वाटणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

आठवड्याने, २३ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत यूसीएलए. प्रशिक्षक जॉन वुडनचा संघ, बिल वॉल्टन त्यात. सामना पुन्हा ग्रीन्सबरोलाच, म्हणजे आपल्याच राज्यात, रॅलेहून दीड तासावर. हा भाग आजोबा घाईने ओलांडतात. वॉल्टनचे २९, पट्टी काढून उतरलेल्या थॉम्पसनचे २८. दुसऱ्या जादा वेळेत स्टेट सात गुणांनी मागे होता. तिथून ८०-७७ने जिंकला. दोन दिवसांनी मार्केट विद्यापीठाला ७६-६४ने हरवून विजेतेपद मिळालं, पण ती अंतिम लढत कुणी धड सांगतही नाही. रॅलेत हिल्सबरो स्ट्रीटवर पोरांचा लोंढा उतरला, मामाही त्यात होता, आणि दुसऱ्या दिवशी सुताच्या पिळाची प्रयोगवही द्यायची राहिली.

डंकची कथा १९७५मध्ये पुरी झाली. रेनॉल्ड्सवरचा थॉम्पसनचा शेवटचा सामना, शार्लटविरुद्ध. मोकळा रस्ता मिळाला आणि त्याने कोंबला. कॉलेजच्या सामन्यांतला त्याचा एकुलता एक डंक. पंचांनी नियमाप्रमाणे दंड दिला, गुण धरला नाही. लोक उभे राहिले ते बसेनात.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही, मी वाचलं. व्यावसायिक संघात एका सामन्यात ७३ गुण, मग कोकेन, मग १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबच्या जिन्यावर पडून गुडघा गेला. त्यातून तो सावरला. २००३मध्ये राहिलेली पदवी पुरी केली. २००९मध्ये मायकल जॉर्डनने ‘हॉल ऑफ फेम’च्या समारंभात आपल्यासोबत उभं राहायला त्याला बोलावलं. चॅपेल हिलचा जॉर्डन, पण लहानपणी स्टेटचा चाहता. २०२३पासून रेनॉल्ड्सच्या बाहेर थॉम्पसनचा पुतळा आहे.

माझ्या वयाच्या लोकांना विचाराल तर ते १९८३ सांगतील. जिम व्हॅल्व्हानोचा संघ, ४ एप्रिल, ह्यूस्टनविरुद्ध ५४-५२. डेरेक व्हिटनबर्गने लांबून फेकलेला चेंडू कड्यापर्यंत पोचला नाही, लोरेन्झो चार्ल्सने तो हवेत पकडला आणि शेवटच्या सेकंदाला आत कोंबला. डंक! तोवर तो कायदेशीर झाला होता. मामा-आजोबांना हे वर्ष आवडतं, पण धाकट्या भावाचं लग्न आवडावं तसं.

परवा मी जरा खोडी काढली. म्हटलं, १९७३ला तुम्ही यूसीएलएला हरवलंच असतं असं म्हणता, पण त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला सेंट लुईसमध्ये याच दोन संघांची गाठ पडली होती, आणि यूसीएलए ८४-६६ने जिंकला. अठरा गुणांनी. आजोबा गॅरेजच्या दाराकडे पाहू लागले. मामाने चहा संपवला, कप खाली ठेवला.

‘त्या आठवड्यात माझी परीक्षा होती,’ तो म्हणाला. ‘तो सामना मी ऐकलेला नाही. तो धरायचा नाही.’