रक्तसंग्राहक पात्रे

रक्तदात्याकडून घेतलेले रक्त रुग्णास देईपर्यंत निर्जंतुक व न गोठलेल्या स्थितीत ठेवण्याच्या पात्रांना रक्तसंग्राहक पात्रे म्हणतात. सुमारे पस्तीस वर्षे ही पात्रे काचेची असत. पुढे त्यांची जागा प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घेतली.

सोडियम सायट्रेटामुळे रक्त गोठत नाही, याचा उपयोग रक्ताधानात १९१४-१५ मध्ये होऊ लागला. १९१६ मध्ये राउस व टर्नर यांनी त्यात ग्लुकोज मिसळून तांबड्या कोशिका अधिक काळ टिकविता येतात, असे दाखविले. याच आधारे ऑस्वल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर काचेच्या बाटल्यांत रक्त साठवून ते जखमी सैनिकांना दिले. शिकागो येथे बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्ये स्थापिलेल्या रक्तपेढीतही बाटल्याच होत्या.

काच पारदर्शक असते, रक्ताशी तिची रासायनिक विक्रिया जवळजवळ होत नाही आणि ती उष्णतेने निर्जंतुक करता येते. परंतु ती जड व ठिसूळ असल्याने युद्धभूमीवर वा अपघातस्थळी नेणे जिकिरीचे होते. बाटली ताठ असल्याने रक्त वाहते राहण्यासाठी आत हवा सोडावी लागे. त्यामुळे जंतुसंसर्गाचा, तसेच दाब देऊन त्वरेने रक्त देताना हवा शिरेत शिरून रुग्ण दगावण्याचा धोका असे. पुन्हापुन्हा धुऊन वापरलेल्या रबरी नळ्यांमुळे थंडीताप येई.

बॉस्टन येथील शस्त्रक्रियाविशारद कार्ल वॉल्टर व विल्यम मर्फी (कनिष्ठ) यांनी १९५० च्या सुमारास पॉलिव्हिनिल क्लोराइडाची पिशवी तयार केली. ती रिकामी होताना आपोआप मिटते. म्हणून हवा आत सोडावी लागत नाही. कोरियन युद्धाच्या काळात तिच्या उपयुक्ततेची परीक्षा झाली. एकमेकींना जोडलेल्या पिशव्यांमुळे केंद्रोत्सारणानंतर तांबड्या कोशिका, बिंबाणू व रक्तद्रव ही बाहेरच्या हवेचा संपर्क न होता वेगळी करता येऊ लागली. एका दात्याचे रक्त अनेक रुग्णांच्या उपयोगी पडू लागले, ते यामुळेच. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हे तंत्र विकसित करून उद्योगास दिले.

तथापि नवा पदार्थ सर्वस्वी निर्दोष ठरला नाही. पिशवीला मऊपणा आणणारे थॅलेट संयुग रक्तात उतरते, हे १९७० मध्ये आढळून आले. विशेष म्हणजे हेच संयुग तांबड्या कोशिकांच्या पटलास स्थैर्य देते. त्यामुळे त्याला पर्याय शोधणे अवघड झाले आहे. वायूंची देवाणघेवाण अधिक होऊ देणाऱ्या प्लॅस्टिकांत बिंबाणू २०° ते २४° से. तापमानास पाच दिवस टिकतात. पात्राचा पदार्थ निवडताना तो किती नवा आहे, यापेक्षा तो फुटतो का, हवा आत घेतो का आणि रक्तात काय मिसळतो, हे तपासणे आवश्यक असते, असे या इतिहासावरून दिसते.