फुटलं अंडं आणि दारचं कुत्रं



परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अंडी गोळा करताना एखादं तडकतं. ते गिऱ्हाईक घेत नाही. दारातलं कुत्रं समोर टक लावून बसलेलं असतं. त्याला घालावं का ते अंडं? कुणी म्हणतं, कच्चंच घाला, अंगावरचे केस चकाकतात. कुणी म्हणतं, चुकूनही घालू नका, चटक लागली की खुराड्यात तोंड घालील. टरफलाबद्दल तर आणखी वाद. एक म्हणते हाडं मजबूत होतात, दुसरी म्हणते आतडं कापतं.

आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. आपण जे सहज विचारतो, त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांनी काम केलं आहे. त्या कामात बायकांचा वाटा मोठा आहे. आणि कुत्र्यांचाही आहे, तोही जिवावर बेतलेला.

आधी अंड्याच्या पांढऱ्या भागाची गोष्ट. १९१६ साली अमेरिकेत बेटमन नावाच्या संशोधकाने अंड्यातली प्रथिनं किती पचतात हे तपासलं. अंडं म्हणजे ताकद, हे तेव्हाही सगळे मानत होते. आजाऱ्याला कच्चं अंडं फेटून देण्याची पद्धत होती. बेटमनला मात्र वेगळंच दिसलं. कच्चा पांढरा बलक नीट पचत नव्हता. भरपूर खाऊ घातला तर कुत्र्यांना, उंदरांना आणि सशांना हगवण लागत होती. तोच बलक गरम करून घट्ट केला, की त्रास थांबत होता आणि प्रथिनं अंगी लागत होती. म्हणजे दोष अंड्याचा नव्हता, कच्चेपणाचा होता.

पुढची पायरी एका बाईने चढली. लंडनच्या लिस्टर संस्थेत मार्गारेट बोअस या संशोधक उंदरांच्या आहारावर काम करत होत्या. त्यांना उंदरांसाठी प्रथिन हवं होतं, म्हणून त्यांनी सुकवलेला कच्चा पांढरा बलक वापरला. काही आठवड्यांत उंदरांचे केस गळू लागले, कातडी लाल होऊन सोलू लागली. १९२७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि काही पदार्थांमध्ये या रोगापासून वाचवणारं काहीतरी असतं हेही सांगितलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात हेलन पार्सन्स यांनी १९३० नंतरच्या वर्षांत हाच धागा पुढे नेला. उंदरांच्या खाण्यात यकृत घातलं, तर कातडी सुधारते हे त्यांच्या कामातून पक्कं झालं. गृहविज्ञान म्हणजे बायकांचा स्वयंपाक-शिवणाचा विषय, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग ते वाचवणारं काहीतरी म्हणजे काय? त्याचं उत्तर नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट या शहरात मिळालं. १९३६ साली तिथल्या कोगल आणि टोनिस या दोघांनी बदकाच्या अंड्यांचा २५० किलो सुकवलेला पिवळा बलक घेतला. त्यातून त्यांना जेमतेम १.१ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला. मिठाच्या काही कणांएवढा. त्याला त्यांनी बायोटिन नाव दिलं. कातडी, केस आणि नखं नीट राहायला हे जीवनसत्त्व लागतं. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ईकिन, स्नेल आणि विल्यम्स यांनी पांढऱ्या बलकातला चोर शोधला. तो ॲव्हिडिन नावाचा प्रथिनाचा प्रकार. तो बायोटिनला असा घट्ट धरतो, की पोटात गेलेलं बायोटिन अंगी लागतच नाही, तसंच बाहेर पडतं.

गंमत पाहा. एकाच टरफलाच्या आत पिवळ्या भागात बायोटिन आणि पांढऱ्या भागात त्याला बांधून ठेवणारा दोर. अंड्यात शिरणाऱ्या जंतूंना बायोटिन मिळू नये, म्हणून कोंबडीच्या शरीराने ही सोय केली असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. पण उकळत्या पाण्यात पांढरा भाग पुरता घट्ट झाला, की हा दोर तुटतो.

म्हणून कच्च्या अंड्याने केस चकाकतात, या समजाकडे आता नीट पाहू. अंड्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश केसांना चांगले, हे खरं. पण रोज कच्चा पांढरा बलक खूप दिला, तर नेमकं केसांचंच नुकसान होतं. एखाद्या दिवशी कुत्र्याने अख्खं कच्चं अंडं पळवलं, तर घाबरायचं कारण नाही. पिवळ्या भागात बायोटिन असतंच, आणि एका अंड्याने रोग होत नाही. वाईट आहे ती रोजची सवय.

कच्च्या अंड्याविरुद्ध दुसरं कारण नंतर पुढे आलं. ते जंतूंचं. साल्मोनेला हा जंतू कोंबडीच्या विष्ठेतून टरफलावर बसतो, हे माहीत होतं. १९८० नंतरच्या वर्षांत त्याचा एक प्रकार न फुटलेल्या, स्वच्छ अंड्याच्या आतही सापडू लागला. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला आहे, असं विधान केलं. अंड्यांचा खप कोसळला, पोल्ट्रीवाले खवळले आणि दोन आठवड्यांत त्यांना पद सोडावं लागलं. त्यांचं बोलणं अतिशयोक्तीचं ठरलं, पण धोका खोटा नव्हता.

यात आपल्या अंगणाचा संबंध कुठे येतो? निरोगी कुत्रं हा जंतू पोटात घेऊनही धडधाकट दिसू शकतं. पण तो त्याच्या विष्ठेतून अंगणात पडतो. त्याच अंगणात आपलं रांगणारं मूल हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. कुत्र्याचं अंडं शिजवायचं ते जितकं कुत्र्यासाठी, तितकंच घरातल्या लेकरासाठी. तडकलेल्या अंड्याला तर ही काळजी दुप्पट घ्यायची, कारण भेगेतून जंतू सहज आत शिरतात. ते त्याच दिवशी शिजवायचं. वास आला असेल तर खड्ड्यात पुरायचं.

आता टरफलाची गोष्ट. ती सुरू होते मुडदुसापासून. मुडदूस झालेलं मूल आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायांनी पाहिलेलं आहे. पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, चालणं उशिरा येतं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या पिल्लांना हाच रोग होऊन ती मरत असत. त्यांना नुसतं मांस मिळत होतं. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या डॉक्टरांनी त्यांच्या खाण्यात हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल घालायला लावलं. पिल्लं सुधारली. पण नेमकं कशाने सुधारली, हे कुणाला सांगता येईना.

त्या वेळी इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शहरांत गरिबांची हजारो मुलं मुडदुसाने वाकत होती. कारण शोधण्याचं काम एडवर्ड मेलनबी यांच्याकडे आलं. लंडनमधल्या महिलांच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांना घरात ठेवून लापशी, पाव आणि थोडंसं दूध अशा खाण्यावर वाढवलं, की त्यांना मुडदूस होई. कॉड माशाचं तेल दिलं, की होत नसे. १९१८ आणि १९१९ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. त्यांच्या पत्नी मे मेलनबी यांनी अशाच पिल्लांच्या दातांचा अभ्यास करून आहाराचा दातांशी संबंध दाखवला. लिस्टर संस्थेच्याच हॅरिएट चिक आपल्या सहकारी स्त्रियांना घेऊन पहिल्या महायुद्धानंतर उपाशी पडलेल्या व्हिएन्ना शहरात गेल्या. १९१९ ते १९२२ या काळात त्यांनी तिथल्या बाळांचा मुडदूस माशाच्या तेलाने आणि उन्हाने बरा होतो, हे दाखवून दिलं. १९२२ मध्ये त्या तेलातल्या गुणाला ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं.

आपल्या लेकरांना डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, त्यामागे त्या वाकड्या पायांच्या पिल्लांचे हाल आहेत. हे आम्हाला सांगावंसं वाटलं, कारण दारातल्या कुत्र्याला आपण काय देणं लागतो, हा प्रश्नही त्यातूनच येतो.

या इतिहासातून टरफलाबद्दल काय कळतं? हाडाला दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम, आणि दुसरं ते अंगी लावणारं ड जीवनसत्त्व. आपल्याकडचं कुत्रं भाकरी, भात आणि उरलंसुरलं कालवण यांवर जगतं. नाचणी सोडली, तर ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांत कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. शिवाय धान्यातला फायटिक आम्ल नावाचा घटक आहे तेही कॅल्शियम अडवतो. आपण उन्हात बसलो तर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याला ते पुरेसं जमत नाही, हे १९९४ मध्ये उट्रेख्टच्या पशुवैद्यकांनी दाखवलं. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. अंड्याच्या पिवळ्या भागात ते थोडं असतं. म्हणून पिवळा बलक आणि टरफल यांची जोडी कुत्र्याच्या उपयोगाची आहे.

टरफलाचा साधारण ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे चुनखडीचाच प्रकार. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम निघतं. पंधरा किलोच्या मोठ्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण १ ग्रॅम लागतं. म्हणजे सपाट अर्धा चमचा पूड त्याला पुष्कळ झाली. दूध, ताक किंवा हाडं मिळत असतील तर त्याहून कमी.

पण जास्त दिलं म्हणजे जास्त चांगलं, असं समजू नका. हा धडाही उट्रेख्टचाच. १९८५ मध्ये हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन या अगडबंब जातीच्या पिल्लांना गरजेपेक्षा पुष्कळ जास्त कॅल्शियम दिलं. त्यांची हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी बिघडली. वाढत्या पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही. हल्ली गावातही अल्सेशियन, डॉबरमन यांची पिल्लं येतात. त्यांना पिल्लांचं पिशवीतलं तयार खाणं चालू असेल, तर वरून टरफलाची पूड मुळीच घालू नये. गाभण कुत्रीलाही पूड भरभरून देऊ नये, त्याने व्यायल्यावर उलटा त्रास होऊ शकतो. पिल्लं पीत असताना कुत्री थरथरू लागली, पाय ताठ झाले, तर घरचे उपाय करत बसू नका. तो रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरल्याचा आजार असतो. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

पूड करण्याची रीत सोपी आहे. टरफलं धुवायची, दहा मिनिटं उकळायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि खलबत्त्यात किंवा मिक्सरवर पिठासारखी बारीक करायची. मोठे तुकडे टोचतात आणि पचतही नाहीत. कोरड्या बरणीत ठेवायची. हीच पूड कोंबड्यांच्या खाद्यातही चालते, तिथेही टरफल ओळखू येणार नाही इतकं बारीक हवं, नाहीतर कोंबडी स्वतःचंच अंडं फोडायला शिकते.

कुत्र्याचं अंडं उकडून, कुस्करून भाकरीत कालवा. तेल, मीठ, तिखट नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मध्यम कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीन अंडी पुरे. अंडं खाल्ल्यावर अंग खाजवू लागलं किंवा हगवण लागली, तर बंद करा. आणि खुराड्यात तोंड घालण्याच्या भीतीबद्दल म्हणाल, तर शिजवून कालवलेल्या अंड्याचा वास खुराड्यातल्या अंड्यासारखा नसतो. तरी खुराड्याचं दार घट्ट हवंच.

शेवटी हिशेबाचं बोलू. अंडं म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला पैसा. पहिलं अंडं लेकराचं आणि गरोदर, बाळंत बाईचं. मग बाजाराचं. तडकलेलं, आकाराने बेढब, कुणी न घेतलेलं अंडं कुत्र्याचं. टरफल मात्र कुणाच्या तोंडचं काढून घ्यावं लागत नाही, ते आपण उकिरड्यावरच टाकतो. रात्रभर राखण करणाऱ्या जिवाच्या वाट्याला त्यातलं चिमूटभर गेलं, तर कुणाचं काही उणं होत नाही. पुढच्या बैठकीत गटात विचारून पाहा, आठवड्याला किती अंडी तडकतात आणि त्यांचं काय होतं.